एकशे सहावं मत

"पाळकसाहेब, मत कुणाला द्यायचं हे प्रभू सांगतो, की भट्टीमालक?"

प्रार्थनामंदिरात टकळीच्या तोंडून प्रश्न सुटला. बायकांच्या सतरंजीवर एकीचं पेंगणारं बाळ जागं झालं. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खोकला अर्ध्यात गिळला. मागे बसलेल्या उंटीण आणि बटाटी या दोघी मैत्रिणींनी एकमेकींच्या मांड्यांना चिमटे काढले. पैज त्यांचीच होती. शाळेच्या वाटेवर बटाटी म्हणाली होती, "वक्तृत्वाचा पेला मिळवलास ना? मग हे विचारून दाखव. नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं तू वाहायची."

दप्तरं वाहायला टकळी काही घाबरत नव्हती, ती रोज चिखलाच्या पाट्या वाहत होती. पण पैज म्हणजे पैज. शिवाय प्रश्न तिच्या पोटात महिनाभर गुरगुरत होताच, मैत्रिणींनी फक्त झाकण उघडलं. टकळी हे नाव तिला मामाने ठेवलेलं. घरात तोंड बंद म्हणून नाही, आणि शाळेत मात्र बाईंनी नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्याकडे बघणारी. यंदा बारावीत काय झालं कोण जाणे, एका भाषणाला उभी राहिली, पाय लटपटले, पण आवाज नाही लटपटला. तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं, की आपल्या छातीत कुणीतरी नवी खिडकी पाडली आहे.

पाळकसाहेब चांगला माणूस. नुकताच त्यांनी धडा सांगितला होता त्या रोमी सुभेदाराचा. माणूस निर्दोष आहे हे कळत असून त्याने लोकांसमोर पाणी मागवलं आणि हात धुतले. धडा झाल्यावर मात्र त्यांनी चष्मा पुसला आणि हळूच म्हणाले होते, की पुढच्या रविवारी हात वर व्हायचे आहेत, सगळ्यांनी यावं.

'हात वर' ही त्या मंडळीची जुनी रीत होती. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी उपासना संपली, की मुकादम उठायचा. तो भट्टीवर विटा मोजायचा आणि देवळात दानाची थाळी फिरवायचा, दोन्ही कामं एकाच चेहऱ्याने. तो मालकाने ठरवलेलं एक नाव उच्चारायचा, सगळे उजवा हात वर करायचे, पाळक प्रार्थना करायचे आणि मंडळी 'एकमताने' घरी जायची. दुसऱ्या दिवशी मतदान.

"मुली," पाळकसाहेब म्हणाले, "अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असं शास्त्र शिकवतं."

"हो, साहेब. पण मतदानाच्या दिवशी नेमणारे आपणच ना? मग त्या दिवशी आपण अधीन कुणाच्या?"

पाळकसाहेबांनी वर पाहिलं. वर देवाघरून उत्तर आलं नाही, कारण मध्ये पंखा होता. गेल्या महिन्यात मालकाने बसवून दिलेला. त्याच्या पात्यांवर लाल अक्षरात काहीतरी रंगवलेलं होतं, फिरताना नुसता लाल धूर दिसायचा. नेमकी त्याच वेळी वीज गेली. पंखा डुगडुगत थांबला आणि तिन्ही पात्यांवर वाचता आलं: 'मालकांकडून', 'मंडळीस', 'सप्रेम'.

उंटीण फिसकन हसली. मुकादम उठून उभा राहिला.

"खाली बस, पोरी. हे देऊळ आहे, तुझी शाळा नाही."

टकळी बसली. बसताना तिने पुरुषांच्या बाजूला बघितलं. तिचा बाप मांडीवर हात पालथे ठेवून बसला होता. त्याच्या नखांतली माती रविवारीसुद्धा निघत नसे. तो अंगठ्याने अंगठा चोळत होता.

घरी जाताना बाबा दहा पावलं पुढे. आई टकळीच्या दंडाला धरून चालली होती, प्रेमाने नव्हे.

"जीभ आहे की कातर?"

"प्रश्नच तर विचारला, आई."

"ज्याचं छप्पर डोक्यावर, त्याच्या नावाने प्रश्न विचारू नये."

तेही खरंच होतं. घरं मालकाच्या जागेत, भट्टी मालकाची, प्रार्थनामंदिराची चार भिंतींची जागाही मालकाचीच. भट्टीच्या हंगामाचे सहा महिने हात चालले तर घर चालायचं. आणि मतपेटी गुप्त असली तरी वस्तीची पेटी वेगळी. तिथे दुसऱ्या कुणाची मतं पडतच नसत. कागद उघडले, की मालकाला अंगणातल्या कोंबड्या मोजल्यासारखं कळायचं. किती हात वर झाले, किती शिक्के पडले.

"मागच्या वेळी एकशे पाच होतो," बाबा पुढूनच म्हणाला, मागे न वळता. "म्हातारे गेले, पोरं वाढली, पुन्हा एकशे पाच. यंदा तू. एकशे सहा. मालकाला आकडा पाठ आहे."

सोमवारी पहाटे टकळी नेहमीसारखी शाळेआधी चिखल तुडवायला उतरली. गुडघ्यापर्यंत गार चिखल, वर पिवळट धूर. आई भुसा टाकायची, टकळी तुडवायची, बाबा उकिडवा बसून साच्यात गोळा आपटायचा. थप. बोटाने कडा साफ. साचा उचलला, की वीट. थप. दिवसाला आठशे. अठरा वर्षांच्या टकळीने आयुष्यात घड्याळापेक्षा हा आवाज जास्त ऐकला होता.

"पाणी टाक," बाबा म्हणाला.

टकळीने विहिरीत बादली सोडली. दोर संपत आला तरी बुडबुड ऐकू येईना. शेवटी बादली लागली ती धप्प करून. वर आलं ते पाणी नव्हतं, पातळ चिखल. मालकाने गेल्या वर्षी विहिरीपासून वीस पावलांवर मातीची खाण खणायला काढली, तेव्हापासून पाणी खाली खालीच गेलं. आता वस्तीतल्या बायका तास तासभर चिखल निवळत बसायच्या. आईच्या माठाच्या तळाशी रोज चार बोटं गाळ.

नर्सबाई मालकाच्या माणसाविरुद्ध निवडणुकीला उभी होती ती याच एका गोष्टीवर. दवाखान्यातून निवृत्त झालेली, बुटकी, छत्री घेऊन हिंडणारी. वस्तीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली, टकळीसुद्धा. ती दारोदार सांगत होती, "मी निवडून आले तर पहिल्या दिवशी विहिरीजवळची खाण बंद. दुसऱ्या दिवसाचं मला विचारू नका, मी खोटं बोलत नाही." वस्तीत तिला बसायला कुणी सतरंजी टाकली नाही. एकट्या बटाटीच्या आईने टाकली. बटाटीला बाप नव्हता, आणि आईला मुलाहिजा नव्हता. मुकादमाने ती सतरंजी लांबून पाहिली होती.

मालक आला तो पांढऱ्या बुटांत, विटांच्या ओळींमधून जपून पावलं टाकत. मालक कधी ओरडत नसे, तोच त्याचा धाक.

"काय म्हणतोस, विटकऱ्या? लेक फार शिकली म्हणे. देवाला प्रश्न विचारते."

बाबा उठून उभा राहिला. हातातून चिखल ठिबकत होता. "पोर आहे, मालक."

"असू दे, असू दे. पोरांनी विचारावं." मालक वाकला आणि नुकत्याच पाडलेल्या विटेत अंगठा दाबला. खोल. "ओली आहे अजून." पुढच्या विटेत दाबला. "आपण एका घरातली माणसं." पुढची. "एका घरात एक तोंड असावं." पुढची. "दहा तोंडं झाली की घर राहत नाही, बाजार होतो." बोलता बोलता त्याने सात विटांना अंगठा लावला. मग बाबाच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं, अंगठा पुसला आणि फडकं पुन्हा तिथेच ठेवलं, अगदी घडी करून.

"हो, मालक," बाबा म्हणाला.

मालक गेल्यावर बाबाने त्या साती विटा मोडल्या, गोळे केले, पुन्हा थापल्या. टकळी चिखलात उभी. त्या दिवशी ती शाळेत उशिरा पोहोचली. बाईंनी कारण विचारलं, तेव्हा पेला जिंकलेली मुलगी पुन्हा पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली.

बुधवारी दुपारी अवेळी ढग आले. आधी वारा, मग भट्टीचा धूर जमिनीला लोळण घ्यायला लागला, मग मुकादमाची शिट्टी. कच्च्या विटेला पाऊस म्हणजे मरण. तीन दिवसांचं काम दहा मिनिटांत पुन्हा चिखल होतं. जो तो ताडपत्र्या घेऊन धावला. टकळी शाळेतून येत होती, दप्तर तिथेच भिरकावून आईबापाच्या ओळीकडे पळाली. ताडपत्री वाऱ्याने फुगली, बाबाच्या हातून एक टोक सुटलं, दगड ठेवायला वेळच नव्हता. शेवटी तिघं ताडपत्रीच्या आत शिरले आणि कडा पायांखाली दाबून उकिडवे बसले. वरून ताडताड पाऊस, पुढ्यात ओल्या विटा, अंगाला अंग. हलायची सोय नाही.

गप्प बसणं हा टकळीचा धर्म नव्हे.

"बाबा, मी ठरवलंय. मी नर्सबाईंना मत देणार. गुपचूप. मामाने केलं होतं तसं."

 मामाचं नाव त्या घरात काढत नसत. पाच वर्षांपूर्वी एकशे पाचातले एकशे चारच शिक्के शिडीवर, म्हणजे मालकाच्या माणसाच्या निशाणीवर पडले, एक कागद बाद निघाला. बाद कसा होतो? मुद्दाम केल्याशिवाय? मामाने त्याच आठवड्यात मजुरीवरून मुकादमाशी तोंड वाजवलं होतं. झालं. दुसऱ्या दिवशी मामाचा साचा भट्टीच्या दाराबाहेर पडलेला होता आणि चार दिवसांत मामा बायकापोरांसकट कुठल्याशा लांबच्या खाणीवर निघून गेला. आईने भावाचं तोंड त्यानंतर पाहिलं नव्हतं. पण टकळीच्या मनात मामा तेव्हापासून दोन हात उंच झाला होता. अख्ख्या वस्तीत एकच मर्द, असं ती उंटिणीला सांगायची.

"कुणीतरी एकाने तरी दाखवलं," टकळी म्हणाली. "मामा म्हणजे मामा."

"मामाने नाही केलं," बाबा म्हणाला.

पावसात आईला नीट ऐकू आलं नसावं. "काय म्हणालात?"

"त्याने शिडीवरच मारला होता शिक्का. ते मत माझं होतं." बाबा समोरच्या विटांशी बोलत होता. "पाचपाच जणांना कामावरून सोडत होते. हात धुवायला वेळ नव्हता. आत गेलो. शिक्का मारला, शिडीवर, नीट, मध्यभागी. घडी घालताना अंगठा टेकला. दुसऱ्या चित्रावर. हा एवढा मोठा ठसा उमटला, शिक्क्याहून ठळक. मला दिसला. म्हटलं दुसरा कागद मागावा, तर मुकादम दारातून ओरडला, आटपा. टाकला पेटीत."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो."

"कधी?"

"रोज."

 ताडपत्रीची कड आईच्या पायाखालून सुटली आणि पाणी आत आलं. टकळीने झटकन पाय लांब करून कड दाबली. पहिल्या दोन ओळी तेवढ्यात विरघळल्या. विटांचे कोपरे आधी गेले, मग पाठ, मग नुसता ढीग. तिघं बघत राहिले. उठता येत नव्हतं. उठलं तर उरलेल्याही गेल्या असत्या.

टकळीला वाटलं होतं, आपला मामा शूर होता. तो शूरबीर काही नव्हता, नुसता अडकला होता. आणि आपला बाप चोर नव्हता, तोही अडकलाच होता, फक्त दुसऱ्याच्या पाठीमागे लपून. छातीतल्या नव्या खिडकीतून पहिल्यांदाच गार वारा आत आला.

दोन दिवस आई बोलली नाही. ताट वाढायची, पण बाबाच्या पुढ्यात सरकवायची नाही, मध्येच ठेवायची. बाबा हात लांब करून घ्यायचा. आई चिखल तुडवायला स्वतः उतरली आणि अशी तुडवू लागली, की टकळीला कळलं, ती चिखल तुडवत नाहीये.

शुक्रवारी शाळेतून येताना बटाटी म्हणाली, "मुकादम आला होता घरी. आईला म्हणाला, यंदा एक जरी कमी आलं तर कुठे बघायचं ते आम्हाला ठाऊक आहे. सतरंजी फार झिजली तुझी, म्हणाला."

"मग आई काय म्हणाली?"

"म्हणाली, झिजली तर दुसरी टाकेन." बटाटी हसायला गेली आणि रडली. "टकळे, आम्ही कुठे जाणार गं?"

उंटिणीने दोघींची दप्तरं आपल्या खांद्यावर घेतली. पैज कोण जिंकलं, ते कुणी काढलं नाही.

टकळी त्या संध्याकाळी विहिरीच्या कठड्यापाशी बसली. गुपचूप दिलं तर बटाटीची आई जाणार, म्हणजे दुसरा मामा. मालकाच्या माणसाला दिलं तर विहीर जाणार. आणि गेलीच नाही मतदानाला, तरी एक कमीच. तीन दारं, तिन्हींना बाहेरून कडी. ती एरवी अशा वेळी बडबडायची, पण बडबडायला कुणी नव्हतं. तेवढ्यात पाळकसाहेब बादली घेऊन आले. त्यांच्याही घरी गाळच होता.

"सलाम, साहेब."

"सलाम, बाळ." त्यांनी बादली सोडली, धप्प आवाज ऐकला आणि दोर हातात तसाच धरून उभे राहिले. "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही असं नाही. अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायची, म्हणजे डोळे मिटायचे. पण नेमताना उघडे ठेवायचे. आपण निवडलेल्या माणसाने जे केलं, त्याचा थोडा जबाब आपल्याकडूनही मागितला जाईल, असं मला वाटतं."

"मग रविवारी सांगा ना तसं!"

पाळकसाहेबांनी प्रार्थनामंदिराच्या छपराकडे बघितलं. मग बादलीतल्या चिखलाकडे. "मला जमत नाही, बाळ," ते म्हणाले. एवढा मोठा माणूस इतकं लहान वाक्य बोलताना टकळीने कधी ऐकलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिने दोराचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून बादली ओढली.

रविवारी सकाळी ऊन स्वच्छ होतं. टकळीने शाळेचा धुतलेला पोशाख घातला, वेणी दोनदा सोडून तिसऱ्यांदा घातली. दुरून घंटेचे पहिले टोले आले. बाबा उंबऱ्यावर बसून काडीने नखातली माती काढत होता, निघत नव्हती. आई त्याच्याकडे पाठ करून माठातलं निवळलेलं पाणी पातेल्यात ओतत होती, गाळ वर येऊ नये म्हणून थेंबाथेंबाने.

"आई, बाबा," टकळी म्हणाली. "मला काहीतरी सांगायचंय. मध्ये बोलू नका, नाहीतर माझं धैर्य सांडेल."

"तुझ्या मध्ये बोलायला जागा कुठे असते?" आई म्हणाली. चार दिवसांत तिचं हे पहिलंच मोठं वाक्य.

"आज मुकादम नाव घेईल तेव्हा मी हात वर करणार नाही. मी उभी राहणार आहे. आणि सगळ्यांसमोर सांगणार आहे, की माझं मत नर्सबाईंना. उद्या पेटीत एक कमी निघेल, ते माझं. दुसऱ्या कुणाच्या दारात बघायला जाऊ नका."

बाबाच्या हातातली काडी मोडली. "साचा बाहेर पडेल, पोरी. उद्याच पडेल. तुझा नाही, माझा."

"माहीत आहे, बाबा." आता मात्र टकळीचा आवाज लटपटला. "चार दिवस तेवढंच मोजतेय. तुम्ही नको म्हणालात तर मी तुमच्या पाया पडेन, रडेन, पण ऐकणार नाही. लपून दिलं तर बटाटीची आई जाईल. मग मी पाच वर्षं रोज ठरवत राहीन, की उद्या सांगू."

बाबाने मान खाली घातली. आई माठ तसाच तिरका धरून थांबली होती. आत गाळ हळूहळू तोंडाकडे सरकत होता आणि तिचं लक्ष नव्हतं.

"मामाचंही सांगू?" टकळीने विचारलं. "ते तुमचं आहे, बाबा. ते मी नाही सांगणार. माझ्यानंतर तुम्ही उठलात, तर मी खाली बसेन. नाही उठलात, तरी आपण तिघं एकाच वाटेने घरी येऊ."

घंटेचे दुसरे टोले पडले. आईने माठ खाली ठेवला आणि पातेलं उचलून बाबा आणि टकळी यांच्या बरोबर मध्ये आणून ठेवलं. स्वच्छ पाणी, तळ दिसत होता.

टकळी वाकली आणि तिने मनगटांपर्यंत हात बुडवले.

"त्या सुभेदाराने हात धुतले ते अंगावरचं झटकायला," ती म्हणाली. "मी आज धुतेय आणि उद्याही धुणार आहे, कागदावर माती लागू नये म्हणून. एकशे सहावं मत नीट वाचता आलं पाहिजे, आई. ते माझं आहे."